हिच्या बदल्यांची गावं

वर्षश्राद्ध झालं, पाहुणे पांगले आणि भांडी आवरता आवरता लेक म्हणाली, "बाबा, आईच्या बदलीची गावं मला एकदा फिरवून आणा. गाडी मी चालवते, तुम्ही फक्त डबल बेल द्या."

मी एसटीत वाहक होतो, आधी दापोली डेपो आणि मग गुहागर. ही जिल्हा परिषदेची नर्स, सरकारी कागदावर ए.एन.एम. १९७९ साली लागली, २०१६ साली सुटली. मधल्या काळात रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर तिला जिथे टाकलं तिथे ती गेली, आणि जमेल तसा मी मागोमाग गेलो.

ती गेली तेव्हा पेपरात जाहिरात दिली होती. मजकूर मुलाच्या एका मित्राने करून दिला: वात्सल्यमूर्ती, मृदुभाषी, सोशिक. शब्द छान आहेत, पण हिला त्यातला एकही लागू पडत नाही. ही तापट होती. पैशाला चिकट होती. चुकीच्या माणसापुढे गप्प बसणं तिला जमत नसे आणि बरोबर माणसापुढेही क्वचितच. वाटेत जी माणसं भेटली तीही हेच सांगत होती, म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवतो.

पहिला दिवस: हर्णै, आंजर्लं

मार्गशीर्षातली थंडी. दापोलीहून निघालो आणि आसूदच्या उतारावर पोफळीच्या बागा लागल्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मुरुड, आंजर्लं, केळशी या पट्ट्यातल्या बागा आडव्या झाल्या होत्या. पोफळ लावली की धरायला पाच-सात वर्षं जातात, तेव्हा आता कुठे नवी झाडं हाताशी येतायत. वादळाच्या वेळी ही निवृत्त होऊन चार वर्षं झालेली. तरी पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरचं पोतं मिळवून विहिरी-विहिरी फिरत होती. "पाला कुजतोय पाण्यात, पोटं बिघडणार सगळ्यांची," एवढंच म्हणाली. आमच्या घरावरचे उडालेले पत्रे मी एकट्याने शोधले.

तिची पहिली नेमणूक आंजर्ल्याच्या खाडीच्या आतल्या अंगाला, एका वाडीत. आता हर्णैकडून आंजर्ल्याला पुलावरून पाच मिनिटांत जाता येतं. तेव्हा पाजपंढरीच्या बाजूने तरीत, म्हणजे होडीत, बसायचं. लशीचा डबा मांडीवर. त्या डब्याची कथा लेकीला माहीत नव्हती. लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते. आरोग्य केंद्रातून निघताना डब्यात बर्फाच्या पट्ट्या भरून घ्यायच्या, पण एप्रिल-मे महिन्यात पायपीट करून शेवटच्या वाडीला पोचेपर्यंत त्यांचं पाणी व्हायचं. मग ही हर्णै बंदरावर जाऊन मासळीचा बर्फ मागायची. तिथेही एक मेख होती. पोलिओची लस गोठली तरी चालते, ट्रिपलची, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरची, गोठली की फुकट गेली. त्यामुळे ट्रिपलच्या बाटल्या ती वर्तमानपत्रात गुंडाळून बर्फापासून दूर ठेवायची आणि दर तासाला डबा उघडून बघायची. उघडायचा आणि लगेच बंद करायचा. एकदा तरीतल्या एका गृहस्थाने त्या डब्यावर पाय ठेवला. पुढचं मी प्रत्यक्ष पाहिलेलं आहे. ते गृहस्थ भर खाडीत उभे राहिले आणि पैलतीर येईपर्यंत उभेच होते.

उपकेंद्राची ती जुनी खोली आता नाही. जागेवर काजूची चार झाडं आहेत. लेकीने तिथे फोटो काढला, म्हणजे काजूचाच. मग कड्यावरच्या गणपतीला जाऊन आलो. देवळामागून सुवर्णदुर्ग दिसतो, खाली किनारा. पर्यटक होते, छान वारा होता. आम्ही या भागात असताना ही इथे यायची ती वरच्या वाडीतल्या बाळंतिणीकडे, आणि देवाला बाहेरूनच नमस्कार करायची. चपला काढायला वेळ नाही म्हणे.

संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर लिलाव पाहायला थांबलो. होड्या लांब उभ्या राहतात, माल बैलगाडीतून किंवा डोक्यावरून वाळूवर येतो आणि टोपल्यांभोवती घोळका जमून बोली सुरू होते. त्या गलक्यात एक म्हातारी माझ्याकडे टक लावून बघत होती.

"तुमी नर्सबायचं मालक ना वो? कंडक्टर?"

मी हो म्हटलं. ही गेल्याचं सांगितलं.

"गेली? कवा?" म्हातारीने टोपली खाली ठेवली. "माज्या दोन पोरी तिच्या हातच्या. लय आरडायची वो. मला कळा चालू, नि ही आरडतेय माज्या सासूवर. आदी हात धू, मग आत ये! सासू जन्मात कुणाला भ्याली नव्हती, ती सालस पोरीवानी साबण घेऊन नळावर गेली."

हे सांगताना ती इतकी हसली की शेजारच्या दोघी वळून बघायला लागल्या. पापलेटाचा भाव मात्र तिने एक रुपयाने उतरवला नाही. ते मला बरं वाटलं. हिच्या नावाने कुणी मासळी फुकट दिली असती तर घरी नेऊन घशाखाली उतरली नसती.

दुसरा दिवस: दाभोळची खाडी

मुलगा पुण्यात असतो. रात्री त्याचा मेसेज आला होता. हिने जिथे सगळ्यात जास्त वर्षं काढली, त्या गुहागरकडच्या उपकेंद्राबाहेर बायकांना बसायला जांभ्याचं बाकडं बांधून द्यायचं आमचं ठरलं होतं. ग्रामपंचायतीची परवानगी आली होती, मजकूर ठरायचा होता. त्याने पाठवलं होतं: 'वात्सल्यसिंधू मातोश्रींच्या पुण्यस्मरणार्थ'. मी लेकीला म्हटलं, त्याला कळव, सिंधू समोर आहे, मातोश्रींचं काहीतरी वेगळं लिही.

कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे असा किनाऱ्याचा रस्ता धरून दाभोळला आलो. रस्ता सुरेख आहे, त्यावर इतरांनी पुष्कळ लिहिलंय.

दाभोळला खाडी आडवी येते. वाशिष्ठी इथे समुद्राला मिळते. पलीकडे धोपावे, दहा-पंधरा मिनिटांचं पाणी. पण २००३ साली फेरीबोट सुरू होईपर्यंत गाडी घेऊन पलीकडे जायचं तर दापोली, खेड, चिपळूण असं फिरून गुहागर गाठायचं, म्हणजे अर्धा दिवस. हिची बदली पलीकडे झाली आणि माझा डेपो राहिला अलीकडे. गुहागर डेपो मिळावा म्हणून मी अर्ज करत होतो आणि अर्जावर पावसाळे जात होते. शनिवारी शेवटच्या गाडीची ड्यूटी दाभोळची मागून घ्यायची, हिशेब भरायचा आणि लाँच गाठायची. लाँच चुकली की धक्क्यावरच्या शेडमध्ये पथारी. सकाळी घरी पोचलो की ही दारात उभी. "रात्रीचं कालवण फुकट गेलं," हे पहिलं वाक्य. दुसरं वाक्य दुपारी, जेवण झाल्यावर. पण तोवर माझा गणवेश धुऊन वाळत पडलेला असायचा आणि भाकरीसोबत कालवांचं नवं सुकं. आमच्यातलं प्रेम असं होतं. ते बोलून दाखवायची वेळ आली नाही आणि आली असती तर दोघंही गडबडलो असतो.

फेरीबोटीवर गाडी चढवून लेक कठड्याशी उभी राहिली. मी लाँचची गोष्ट सांगत होतो. ती मधेच म्हणाली, "बाबा, दहावीचा गणिताचा पेपर होता त्या सकाळी आई घरी नव्हती, आठवतं? वेळवीकडे कुणाची तरी अडलेली बाई होती. मला शेजारच्या काकूंनी दही-साखर दिली."

आठवत होतं.

"आई वाईट होती असं नाही म्हणत मी. पण आमच्या वाट्याला नेहमी दमलेली आई आली. ताजी आई गावाने खाल्ली."

मी काही बोललो नाही. तिची तक्रार खरी आहे आणि आई गेली म्हणून ती खोटी होत नाही. उपकेंद्राला लागून दोन खोल्या मिळायच्या. एकीत आमचा संसार आणि दुसरीत बाळंतपणाचं टेबल, पण रात्री-अपरात्री पेशंट आला की दोन्ही खोल्या पेशंटच्या. मुलगा कित्येकदा औषधांच्या खोक्यांमागे झोपलेला असे. लेक लोहाच्या लाल गोळ्या मोजत शंभरापर्यंत अंक शिकली. मोजून दहा-दहाच्या पुड्या बांधायचं काम तिचं. एक गोळी कमी भरली की सगळी रास पुन्हा मोजायला लावायची ही. आज लेक बँकेत कॅशला बसते. नर्सिंगला जाणार नाही असं तिने बारावीनंतर सांगितलं तेव्हा मला वाटलं घरात आकांत होणार. ही म्हणाली, "बरं केलंस," आणि कुकर लावायला गेली. त्या 'बरं केलंस'चा अर्थ लेकीने मला बोटीवर विचारला. मी तरी काय सांगणार?

धोपाव्याला उतरून वेलदूर, अंजनवेलच्या बाजूने गेलो. नव्वदच्या दशकात इथे एन्रॉनच्या वीज कंपनीचं प्रचंड काम निघालं. विरोध झाला, मोर्चे निघाले. १९९९ साली वीज सुरू झाली, २००१ साली बंद पडली, सगळ्या देशाने ते वाचलंय. हिच्या लेखी त्या कामाचा अर्थ एकच होता, परराज्यातून आलेले मजूर आणि त्यांची कुठल्याच रजिस्टरात नसलेली पोरं. ९ डिसेंबर १९९५ ला देशभर पल्स पोलिओचा पहिला डोस झाला. यादीतली मुलं दुपारपर्यंत संपली. संध्याकाळी ही उरलेले डोस घेऊन झोपड्यांच्या वस्तीत शिरली. भाषा कळत नाही, बायका दार लावून घेतायत. हिने काय केलं, तर आपल्या मुलाला पुढे उभं केलं, "आ कर" म्हणाली आणि सगळ्यांदेखत त्याच्या तोंडात दोन थेंब टाकले. तो तेव्हा चौथीत होता. त्याला अजून त्याचा राग आहे, कारण समोर सगळी शेंबडी पोरं हसत होती. मग एकेक दार उघडलं. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र मिळालं, त्या रात्री मी मुलाला फोन करून म्हटलं, अभिनंदन, तुझाही वाटा आहे.

गुहागरला व्याडेश्वराजवळ एका घरगुती खाणावळीत मुगाची उसळ, आमटी-भात आणि उकडीचे मोदक जेवलो. लेक समुद्रावर चालून आली, मी झोपलो.

तिसरा दिवस: सडा

उपकेंद्र सकाळी नऊला उघडतं. आम्ही साडेआठला तिथे. नवी इमारत, फरशा, सौर दिवा, भिंतीवर लसीकरणाचं वेळापत्रक. आता आशाताई असतात, १०८ची गाडी बोलावता येते, बाळंतपणं बहुतेक मोठ्या दवाखान्यातच होतात. हे सगळं चांगलं झालं. जुन्या दिवसांत फार पराक्रम गाजवला असं लिहायचा मोह होतो, पण ज्या रात्री ही एकटी कंदिलाच्या उजेडात बाळंतपण करायची त्या रात्री ती स्वतःच म्हणायची की हे असं करावं लागू नये.

तिथली नर्स तिशीतली मुलगी. हिला कधी भेटलेली नाही, पण तिला एक गोष्ट माहीत होती. "जुन्या बाईंनी म्हणे सरपंचांना रांगेत बसवलं होतं?"

बसवलं होतं. नातवाला टोचून घ्यायला आले होते, थेट आत शिरले. "रांगेत बसा, सगळ्यांना मिळेल," ही म्हणाली. ते बसले. दोन महिन्यांनी हिच्या बदलीची शिफारस गेली. मग त्याच सरपंचांची सून बाळंत झाली, मध्यरात्री, बाळाने पायाकडून यायचं घेतलेलं. त्यानंतर शिफारस त्यांनीच मागे घेतली. मला यात न्याय वगैरे काही दिसत नाही. सून जगली, एवढं झालं.

तिथून वर सड्यावर गेलो. कातळाचं पठार, पावसाळ्यानंतरचं सुकलेलं पिवळं गवत आणि जांभ्याच्या चिऱ्यांच्या जुन्या खाणी. लेकीला मी ही जागा मुद्दाम दाखवली.

साल १९८७ असावं. मला नुकताच गुहागर डेपो मिळाला होता आणि वस्तीची गाडी आमच्याच गावात मुक्कामी असायची. म्हणजे पगार घेऊन घरी झोपायला मिळायचं, एसटीतलं याहून मोठं सुख मला माहीत नाही. रात्री बाराच्या सुमाराला खाणीवरचे मजूर एका आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आले. लाल विंचू चावलेला. पोरगा घामाने निथळत होता, हातपाय बर्फ, उलट्या. कोकणात या विंचवाने तेव्हा धडधाकट माणसं मरत. मांत्रिक, जडीबुटी, सगळं करून झालं की शेवटी छातीत घरघर लागायची आणि संपायचं. महाडकडे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी या मरणाचा माग काढला. विषाने रक्तदाब भडकतो, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं, हे त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून टिपलं. १९८२ साली त्यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. पुढे त्यांनी प्राझोसिन नावाची, मुळात रक्तदाबावरची गोळी यासाठी वापरली आणि माणसं वाचायला लागली. आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी ते वाचून गोळ्यांची एक पट्टी हिच्याकडे देऊन ठेवली होती. कशी, किती द्यायची, हे हिने वहीत लिहून घेतलेलं.

तिने नाडी बघितली. मनगटावर सेकंदकाट्याचं एचएमटी घड्याळ. लग्नात मिळालेल्या सगळ्या वस्तूंपैकी तिने वापरलेली ही एकच. गोळी दिली. मग मला म्हणाली, "गाडी काढायला सांगा."

एसटी महामंडळाची गाडी रात्री बाराला पेशंटसाठी काढायची, तर डेपोला काय सांगायचं? ड्रायव्हर भला माणूस, त्याने नुसतं माझ्याकडे बघितलं आणि स्टार्टर मारला. चिपळूणच्या वाटेवर मुलगा आईच्या मांडीवर, ही खाली फळीवर बसलेली, दर पाच मिनिटांनी त्याचं मनगट धरून. आणि गाडी घाटाला लागल्यावर मान वर करून म्हणते, "तिकिटं काढा सगळ्यांची."

मी म्हटलं, आता?

"मग काय? उद्या मेमो आला तर गाडी रिकामी नेली म्हणतील."

टिकटिक करत तिकिटं पंच केली. चार फुल, एक हाफ. हाफचे पैसे हिने भरले आणि महिनाअखेरीस माझ्याकडून वसूल केले. मेमो आलाच, पण तिकिटांमुळे प्रकरण समज देऊन मिटलं. मुलगा वाचला. मजूर विजापूरकडचे होते, हंगाम सरला तशी ती बिऱ्हाडं गेली. तो आता चाळिशी ओलांडलेला बाप्या असेल. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाल्याची बातमी टीव्हीवर आली तेव्हा ही चटणी वाटता वाटता म्हणाली, "आता सुचलं होय यांना!"

ती खाण आता पाण्याने भरलेली आहे. लेक काठावर बराच वेळ उभी होती. म्हणाली, "हे आईने कधी सांगितलं नाही." मी म्हटलं, हाफ तिकिटाचं तर मी पण आज पहिल्यांदा सांगतोय.

हेदवीला दशभुज गणेशाचं दर्शन घेतलं. बामणघळीत पाणी उसळण्याइतकी भरती नव्हती. तवसाळहून फेरीबोटीने जयगड, पुढे मालगुंड, गणपतीपुळे. पुळ्यात इतकी गर्दी की गाडी थांबवली नाही. आरे-वारेच्या चढावर मात्र थांबलो. दोन्हीकडे मोकळी वाळू आणि मधून वर जाणारा रस्ता. लेकीने विचारलं, आई कधी अशी समुद्रावर बसली होती का? समुद्राला लागून सदतीस वर्षं नोकरी केली, पण नुसती बसलेली मला आठवत नाही. वाळूवरून चालायची ती पलीकडच्या वाडीला जाताना, ओहोटीचं, कारण तेव्हा वाळू घट्ट असते. भरती-ओहोटीची वेळ तिला तिथीवरून तोंडपाठ असायची. ते समुद्राचं प्रेम नव्हे, वेळापत्रक.

चौथा दिवस: रत्नागिरी

मुलगा पनवेलहून कोकण रेल्वेने सकाळी आला. उतरल्या उतरल्या भावा-बहिणीचं बाकड्याच्या मजकुरावरून वाजलं. तो म्हणत होता, लोक वाचणार, काहीतरी भारदस्त हवं. ती म्हणाली, तुझ्या तोंडात पोलिओचे थेंब टाकलेले त्यावरून लिही.

वाद मिटवायला दोघांना थिबा पॅलेस दाखवायला नेलं. ब्रह्मदेशचा राजा थिबा. इंग्रजांनी १८८५ साली त्याचं राज्य घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. हा राजवाडा १९१० साली बांधून झाला आणि १९१६ साली तो इथेच वारला. लग्नानंतर आम्ही दोघं एकदाच कुठे फिरायला म्हणून गेलो, ते इथे. मी माहिती सांगत होतो आणि ही त्या उंच खिडक्यांकडे बघत होती. "तीस वर्षं हा माणूस दिवसभर करायचा काय?" असं तिने विचारलं. मला उत्तर आलं नाही. परतीच्या गाडीत पुन्हा म्हणाली, "काहीतरी काम द्यायला हवं होतं त्याला."

तिथेच हिरवळीवर बसून मी मुलाला दुखण्याचे शेवटचे दिवस सांगितले. तो होता, पण येऊन-जाऊन. आतड्याचा कॅन्सर, उशिरा कळलेला. दुसऱ्यांना तपासायला पाठवणारी बाई स्वतःच्या पोटदुखीवर ओवा खात राहिली. दवाखान्यात सलाइन लावलं की घड्याळावर नजर ठेवून थेंब मोजायची. एकदा ड्यूटीवरच्या पोरसवदा सिस्टरला हाक मारून म्हणाली, "साठ सांगितलेत, ऐंशी पडतायत." ती सिस्टर घाबरली. मग हिने तिला जवळ बसवून चकती किती फिरवायची ते दाखवलं, आणि वर, "नखं काप आधी." ते घड्याळ आता लेकीच्या हातात असतं. सेकंदकाटा बंद पडलाय, बाकी चालतं.

दुपारी दगड कोरणाऱ्याकडे गेलो. जांभ्यावर अक्षर टिकत नाही, काळ्या दगडाची पाटी करून बसवा, असं त्याचं म्हणणं. मजकूर विचारला. मुलगा माझ्याकडे बघायला लागला. लेकीने वहीचं पान फाडून लिहून दिलं: वर हिचं नाव, नर्सबाई, १९७९ ते २०१६. खाली: 'आधी हात धुवा. रांगेत बसा. सगळ्यांना मिळेल.'

कारागिराने दोनदा वाचलं. "ही सरकारी सूचना वाटेल हो."

"वाटू दे," मुलगाच म्हणाला.

अक्षरामागे दर होता. लेकीने पूर्णविराम फुकट टाकायला लावले.

पाचवा दिवस: पूर्णगडच्या अलीकडे

भाट्याचा पूल ओलांडून पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचं दर्शन घेतलं आणि पुढे हिच्या माहेरी. मुचकुंदीच्या खाडीवर पूर्णगडचा छोटा किल्ला आहे, त्याच्या अलीकडे डोंगराच्या कुशीत वाडी. घरात हिचा थोरला भाऊ आणि वहिनी. मामांनी ऐंशी गाठलीय, काठी घेऊन बागेत फिरतात.

जेवताना कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, सोलकढी. मामा सांगत होते, "आमचे वडील नर्सिंगला सोडायला तयार नव्हते. परक्या माणसांना हात लावायचं काम म्हणे. तर ही चार दिवस जेवली नाही. असं आम्हाला वाटत होतं. पाचव्या दिवशी आईला फडताळातले पोहे संपलेले दिसले." वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. "पण तोपर्यंत वडिलांनी सही केलेली."

जेवण झाल्यावर खरा विषय निघाला. वडिलांनी जाताना हापूसचं एक कलम हिच्या नावाने ठेवलं होतं, विहिरीच्या वरच्या अंगाला. त्याचे आंबे दर वर्षी आमच्याकडे यायचे आणि ही पेटीतले आंबे मोजून भावाला फोन करायची, "दोन कमी आहेत." गेली काही वर्षं मामांनी बाग कराराने एका व्यापाऱ्याला दिलीय. व्यापारी झाडांना कल्टार घालतो, त्याने मोहोर लवकर आणि भरपूर येतो, पण मात्रा सांभाळली नाही तर झाड दमतं. हिचा आणि मामांचा शेवटचा कडाक्याचा वाद यावरूनच झाला होता. सहा महिने बोलणं बंद होतं. दवाखान्यात मामा भेटायला आले तेव्हा ही ऑक्सिजन लावलेल्या अवस्थेत म्हणाली, "माझ्या झाडाला घातलंत का ते?" त्यांनी नाही म्हणून सांगितलं होतं.

आम्ही सगळे विहिरीवर गेलो. झाड मोठं, डेरेदार, टोकांना नुकता मोहोर फुटायला लागलेला. लेकीने बुंध्याभोवती वाकून माती उकरून बघितली.

"नाही घातलं ग," मामा म्हणाले. "व्यापाऱ्याला हे झाड करारातून काढून टाकायला लावलं. पण मग तुडतुड्यावरची फवारणी, राखण, सगळं माझ्या अंगावर आलं. आता हे झाड तुझं. तुझी आई आंबे मोजायची, खर्च कधी मोजला नाही तिने."

"मोजला असता. तुम्ही सांगितला नसणार."

"सांगितलेला! निम्मा देते म्हणाली आणि दिला नाही."

"फवारणीच्या पावत्या आहेत?"

मामा माझ्याकडे वळले. मी कठड्यावर बसून घेतलं. मुलगा झाडाचे फोटो काढत होता.

"पावत्या घरात असतील," मामा म्हणाले.

"काढून ठेवा. निम्मा खर्च मी देते, मागचाही. पण पेटी मेच्या पहिल्या आठवड्यात माझ्यासमोर भरायची. मी येणार."

"तुला सुट्टी मिळेल बँकेतून?"

"मामा, पावत्या आधी."

वहिनींनी वरून चहाला हाक मारली.